खिडकीतली सुखी बाई

तळ्याकाठून, १४ नोव्हेंबर

प्रिय ठके,

पोचले एकदाची. बसमधून उतरले तेव्हा धुकं इतकं दाट होतं की हातातली बॅग हाताला कळत होती, डोळ्यांना नाही. रस्ता कुठे संपतो आणि तळं कुठे सुरू होतं याचा पत्ताच लागेना. तशीच उभी राहिले. मग धुक्यातूनच आवाज आला, "मातीवाल्या बाईंच्या ताई ना तुम्ही?" तुझी होडीवाली. दिसायच्या आधी तिनं माझी बॅग उचललीसुद्धा.

तुझं घर मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं रिकामं बघतेय. पाहुणी म्हणून आले की तुझ्या गप्पांच्या नादात घराकडे लक्षच जात नसे. आता एकेक खोली उघडत फिरते आणि ज्या खोलीत जावं तिथे तळं आधीच येऊन बसलेलं असतं. छतावर त्याचा उजेड हलत राहतो. दुपारी मी खुर्चीत डोळे मिटून पडते तर वाटतं, घर हळूच दोर सोडून निघालंय.

न्यूमोनियानंतर डॉक्टरांनी मोकळी हवा खायला सांगितली, तेव्हाच आमचं नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद व्हावं, आणि नेमकं तेव्हाच तुला प्रदर्शनाच्या तयारीसाठी शहरात जागा लागावी, हा योग चांगलाच म्हणायचा. पण तुला मात्र वाईट सौदा पडला. मला तळं आणि तुला बेकरीच्या डोक्यावरच्या दोन अंधाऱ्या खोल्या. मेहुण्यांचं डोकं दाराच्या चौकटीला आपटत असेल.

एक विचारू का? रागावू नकोस. तुम्हा दोघांच्या झोपायच्या खोल्या वेगवेगळ्या दिसल्या. मी काही म्हणत नाही. पण मनात काही असेल तर मोकळी हो. बहिणीला नाही सांगायचं तर कुणाला?

तुझी ताई

*

तुझ्या खोलीतून, २१ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र मोठ्यानं वाचलं आणि तुझ्या मेहुण्यांना चहाचा ठसका लागला. अगं, ते घोरतात! साधंसुधं नाही. त्यांच्यापुढे आमची भट्टी अबोल आहे. खोल्या वेगळ्या केल्या आणि आमचा संसार वाचला, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत असतात.

अंधाऱ्या खोल्या कसल्या गं? सकाळी समोरच्या गच्चीवरच्या पत्र्यावरून ऊन उडून येतं आणि तुझ्या शिवणयंत्रावर पडतं. खालून पावाचा वास येतो. मी अर्धवट झोपेत असते आणि मला वाटतं, मी लहान आहे आणि आई स्वयंपाकघरात आहे. तुझ्या त्या बिनडोक्याच्या पुतळ्याला मी रोज गुड मॉर्निंग करते. तुझे मेहुणे त्याच्यावर टोपी अडकवतात, मी काढते.

काल तुमच्या नाटकातले ते म्हातारे नट आले होते. हातात एक बटण. म्हणाले, "राजाच्या कोटाचं आहे. त्यांच्याशिवाय कुणाला लावू देणार नाही. त्या येईपर्यंत खिशात ठेवतो." चहा घेऊन गेले. जिना उतरतानाही ते राजासारखेच उतरतात.

आता कामाचं. पुढच्या आठवड्यात प्रदर्शनवाल्यांचा टेम्पो तिकडे येईल. खोकी मी बांधून ठेवली आहेत, ती फक्त दाखवायची. पण मोठा निळा कटोरा बांधायचा राहिलाय. मातीकामाच्या खोलीत, सगळ्यात वरच्या फळीवर आहे. तान्ह्या बाळाला अंघोळ घालता येईल एवढा. तो रंग भट्टीतून एकदाच तसा उतरला, पुन्हा कधी जमला नाही. तो मधोमध ठेवायचा आणि बाकीची भांडी त्याच्याभोवती, असं ठरवलंय. तेवढा नीट गुंडाळून देशील?

बाकी माझी पाठ धरलीये. चालायचंच.

ठकी

*

तळ्याकाठून, २ डिसेंबर

प्रिय ठके,

पाठ शेकत जा. कामाच्या नादात अंगावर काढू नकोस.

टेम्पो येऊन गेला. खोकी सगळी नीट चढवली. पण तो कटोरा काही मला सापडला नाही. वरच्या फळीवर पाहिलं, खालीही पाहिलं. कुठे दुसरीकडे ठेवला होतास का? की कुणाला दाखवायला दिलास आणि विसरलीस? तुझा विसरभोळेपणा काही आजचा नाही.

इथे दिवस कसे जातात ते सांगता येत नाही. धुकं उठतं, बसतं, पुन्हा उठतं. आपल्या दोघींचे आवाज सारखे, त्याची एक गंमत झाली. परवा कुंपणाशी उभी होते. पलीकडून एका माणसानं विचारलं, "मातीवाल्या बाई, बरं आहे ना?" धुक्यात त्याला फक्त माझा आवाज येत होता. मी म्हटलं, "छान चाललंय." तो म्हणाला, "तुमचं काय बाई, छानच असणार." आणि गेला. मी मात्र तिथेच उभी. इतकं बरं वाटलं की काय सांगू. संध्याकाळपर्यंत मी तूच होते. तुझ्या खुर्चीत बसले, तुझ्या कपातून चहा प्यायले, तुझ्या चाकावर मातीचा गोळासुद्धा ठेवून पाहिला. त्याचं भांडं झालं नाही, शेण झालं.

मेहुण्यांच्या त्या मागच्या खोलीला कुलूप का गं असतं? घरातल्या घरात कुलूप म्हणजे जरा विचित्रच. पुरुषांच्या मनात काय असतं ते बायकोला शेवटी कळतं. तू एकटीनं काही सोसत बसू नकोस. मी आहे.

तुझी ताई

*

तुझ्या खोलीतून, ९ डिसेंबर

ताई,

त्या खोलीची खिडकी मोडली आहे. वारा सुटला की दार रात्रंदिवस आपटतं, म्हणून कुलूप. किल्ली चहाच्या डब्यामागे आहे. उघडून बघ. आत माझे जुने साचे आहेत आणि एक सायकल.

कटोरा वरच्या फळीवरच होता. मी माझ्या हातानं ठेवला होता. पण नाही सापडला तर नाही सापडला. त्याची जागा मी रिकामीच ठेवणार आहे.

आता जे लिहितेय ते लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. ताई, तू माझ्या घरात काय शोधते आहेस? आधी खोल्या, मग कुलूप. मी दुःखी निघाले तर तुला बरं वाटेल का?

तर ऐक. मी दुःखी नाही. माझं बरं चाललंय. नवरा चांगला आहे, काम आवडतं, मुलगी लांब असली तरी खुशाल आहे. आणि गंमत अशी, की हे सगळ्या जगाला सांगताना मला काही वाटत नाही, फक्त तुला सांगताना भीती वाटते. म्हणून तुला पत्र लिहिताना शेवटी मी एखादं दुखणं जोडते. माझी पाठ ठणठणीत आहे. मागच्या वर्षी दात दुखत होता असं लिहिलं, तोही दुखत नव्हता. भट्टीला चीर गेल्याचं लिहिलं होतं, आठवतं? भट्टी शाबूत आहे. त्या आठवड्यात मला मोठं बक्षीस मिळालं होतं, आणि बक्षीस लिहायचं म्हणून आधी चीर लिहिली. मग बक्षीस लिहायचं राहूनच गेलं.

मला याचा कंटाळा आलाय गं. माझ्या ताईला माझी चांगली बातमी सांगता येत नसेल तर ती चांगली होऊन तरी काय उपयोग?

ठकी

*

तळ्याकाठून, २८ डिसेंबर

ठके,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते वाचून घडी घातली आणि भांडी घासली. धुतलेलीच पुन्हा घासली. मग उत्तरं लिहिली. एकात तुला चांगलं फैलावर घेतलं होतं, एकात रडून घेतलं होतं. एकही पेटीत टाकलं नाही. आज लिहितेय ते खरं आहे.

कटोरा इथेच आहे. माझ्या पलंगाखाली, दुलईत.

टेम्पोवाला दारात उभा होता. मी शिडीवर चढले, कटोऱ्याला हात लावला. गार होता. आत वाकून पाहिलं तर तो निळा रंग खाली खाली जातच राहिला. आणि मला वाटलं, हिलाच का? तळं हिचं, घर हिचं, घोरणारा का होईना पण माणूस आहे शेजारच्या खोलीत, आणि वर हा रंग. तोही हिला एकदाच आला, म्हणजे तोही नशिबानंच दिला. माझ्या वाट्याला काय, तर दुसऱ्यांनी घालायचे राजाचे कोट. खालून टेम्पोवाल्यानं विचारलं, "झालं का ताई, अजून काही आहे?" मी म्हटलं, "झालं."

एवढंच. मोडायचा नव्हता मला तो. फक्त तुझ्याकडे असू नये असं वाटलं. त्यानंतर मी रोज सकाळी त्यात पाणी भरून तोंड धुवत होते. त्या पाण्यात चेहरा बरा दिसतो. मग पुसून, गुंडाळून पुन्हा आत. एखाद्या चोरानं चोरलेलं बाळ सांभाळावं तसं.

तुझं पत्र आल्यावर ते तोंड धुणंही बंद झालं. कटोरा पलंगाखाली आणि मी पलंगावर, दोघं गप्प.

परवा सकाळी होडीवालीबरोबर पलीकडच्या काठाला गेले होते, पाव आणि औषध आणायला. येताना मधोमध आलो आणि धुक्यानं गाठलं. तिनं वल्ही थांबवली. म्हणाली, "घाई नाही ना? मग बसू जरा." पाणी अगदी स्तब्ध. आवाज नाही, दिशा नाही. होडी कुठे वळतेय तेही कळत नव्हतं. मला वाटतं माझा डोळा लागला असावा. उघडला तेव्हा धुक्याला एक भोक पडलं होतं आणि त्यात एक घर दिसत होतं. पाण्यावर तरंगत असल्यासारखं. एका खिडकीत दिवा लागलेला. पिवळा, उबदार.

मी बघत राहिले. आत कोण असेल याचा विचार करत राहिले. एखादी बाई असेल. चुलीवर चहाचं आधण असेल. तिला आज कुणाकडे जायचं नाही, कुणाच्या शिव्या खायच्या नाहीत, छातीत दुखत नाही. दिवसभर खिडकीशी बसून नुसतं पाणी बघायचं. काय नशीब एकेकीचं! ठके, त्या बाईचा मला फार हेवा वाटला. मी होडीवालीला विचारलं, "कुणाचं हो ते घर?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तापातल्या माणसाकडे बघतात. "अहो, तुम्हीच राहता की तिथे. दिवा मालवायला विसरलात."

पाण्याच्या बाजूनं ते घर मी कधी पाहिलंच नव्हतं.

मला हसू फुटलं. इतकं की होडी डुलायला लागली, मग खोकला आला, मग पुन्हा हसू. होडीवाली घाबरली, म्हणाली, "बाई, बसून हसा, उठू नका." पण मी काय करू? त्या खिडकीत कुणीच नव्हतं. जिच्यावर मी जळत होते ती बाई होडीत बसली होती, मांडीवर पावाची पिशवी घेऊन. तिच्या छातीत दुखत होतं आणि तिच्या पलंगाखाली बहिणीचा कटोरा होता.

हसता हसताच मनात आलं, इतकी वर्षं मी जिच्यावर जळले ती ठकी तरी कुठल्या खिडकीत राहत होती? तुला तर मी नीट पाहिलंच नाही. तुझा दात दुखत नव्हता, पाठ ठणठणीत होती, तुला माझी भीती वाटते, यातलं काही मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून छातीवरचं काहीतरी उठून गेलंय. डॉक्टर म्हणतील हवेचा गुण.

प्रदर्शन नव्या वर्षात उघडणार ना? मी येतेय. कटोरा स्वतः घेऊन. मांडीवर ठेवून आणीन, टेम्पोवर माझा भरवसा नाही. डॉक्टरांना कळवू नकोस. आणि रागवायचं असेल तर समोर रागव, पत्रातून नको.

ताई

*

तळ्याकाठून, २० फेब्रुवारी

ताई,

आम्ही परत घरी आलो. खिडकी दुरुस्त झाली, कुलूप निघालं, सायकल बाहेर आली. तुझे मेहुणे तिच्यावरून एकदा पडलेसुद्धा.

इथे बसलं की प्रदर्शन उघडलं तो दिवस सारखा डोळ्यांपुढे येतो. पायऱ्यांवर ती सगळी इस्त्रीची माणसं, आणि दारात तू, पोटाशी दुलईचं गाठोडं धरून. त्या टायवाल्यानं तुला सांगितलं, "धुण्याचे कपडे मागच्या दारानं." आणि तू त्याला बाजूला सारून सरळ आत आलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "हे हिचं आहे. मी लपवलं होतं."

मला राग आला होता गं. खरंच आला होता. तू दुलई सोडत होतीस आणि मी ठरवत होते की काय काय बोलायचं. पण तू त्या दुलईच्या आत तुझा स्वेटर गुंडाळला होतास, स्वेटरच्या आत मफलर, आणि थंडीत नुसत्या ब्लाउजवर कुडकुडत उभी होतीस. सगळं ठरवलेलं विसरले.

आणि मग काय झालं? तुझ्या माझ्या जिवाला घोर लावणारा तो कटोरा मधोमध ठेवला, आणि लोक त्याला वळसा घालून मिठाच्या बरण्यांकडे! "किती गोड बरण्या!" कुणी कटोऱ्यात छत्रीसुद्धा ठेवायला निघालं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे, आणि आपण दोघी मागच्या जिन्यात जाऊन बसलो. आईच्या मागे लपून हसायचो तसं किती वर्षांनी हसलो.

आता एक बातमी आहे. लिहायला बसले की हात अडतो. सवय आहे ना. पण लिहिते.

समुद्रापलीकडून मला बोलावणं आलंय. तिकडच्या एका मोठ्या भट्टीवर वर्षभर शिकवायचं आणि स्वतःचं कामही करायचं. राहायला जागा, हाताशी हवी ती माती. तुझे मेहुणेही येतायत. उन्हाळा लागायच्या आत निघायचंय. ताई, मला इतका आनंद झालाय की मी अंगणात एकटीच गोल गोल फिरले.

बस्स. एवढंच. खाली काहीही जोडत नाहीये.

ठकी

*

माझ्या खोलीतून, ६ मार्च

ठके,

पत्र कपडेपटात आलं, कारण हल्ली मी घरी फक्त झोपायला असते. नाट्यगृह उघडलं. भिंतींना नवा रंग, पण पडद्यामागचा वास तोच, पावडरीचा आणि जुन्या मखमलीचा. तुझं पत्र मी राजाच्या कोटाला बटण लावता लावता वाचलं. ते म्हातारे नट समोर बसले होते. विचारलं त्यांनी, "काय, बरी बातमी?" मी म्हटलं, "बहीण समुद्रापलीकडे चाललीये. मोठा मान मिळालाय तिला." हे मोठ्यानं बोलले तेव्हा कळलं, मला बोलता आलं.

खोटं सांगणार नाही. टोचलं. सुई टोचते तसंच, पटकन आणि एका जागी. वर्षभर तळ्याकडेही यायला मिळणार नाही, तू तिकडे नव्या माणसांत, आणि मी इथे अस्तरं उसवत. बटणाला गाठ मारेपर्यंत ते टोचत होतं. मग नट म्हणाले, "तिकडे थंडी फार असते म्हणतात." आणि मला तुझं ते विटकं जॅकेट आठवलं. ते घालून तू जाणार, जगासमोर? माझी बहीण? माझ्या अब्रूचा प्रश्न आहे.

संध्याकाळचा प्रयोग नसला की दुपारी रंगमंच मोकळा असतो. मोठं कापड बेतायला मी तिथेच पसरते. वरचा एक झरोका उघडा असतो, त्यातून उजेडाचा एक खांब उतरतो आणि हळूहळू सरकत जातो. मी त्याच्याबरोबर सरकत कापते. रिकाम्या खुर्च्या बघत असतात. कधी कधी वाटतं, मी कापत नाही, कुणीतरी स्वप्नात मला कापड कापताना बघतंय. फार शांत वाटतं तिथे. हे मी तुला आधी कधी सांगितलं नव्हतं. मलाही ते चांगलं वाटतं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तर तुझ्यासाठी कोट शिवलाय. गडद हिरवी लोकर, नाटकातल्या सरदारासाठी आणलेली होती, पण सरदाराला करडा शोभला. कॉलर जरा उंच ठेवली आहे. खिसे खोल केलेत, तुझे मातीचे हात लपवायला. आतून रेशमी अस्तर, ते कुणाला दिसणार नाही पण तुला घालताना कळेल. बाही बोटभर लांब वाटली तर दुमडून घे, कापू नकोस.

माप घ्यायचा प्रश्न नव्हता, आपली दोघींची मापं एकच. शिवून झाल्यावर मेकअपच्या खोलीतल्या मोठ्या आरशापुढे मी तो घालून पाहिला. सगळे दिवे लावून पाहिला. पुढून पाहिला, वळून पाठ पाहिली, खिशात हात घालून जरा चाललेही.

मला झकास दिसतो गं.

उद्या सकाळी पार्सल टाकतेय.

तुझी ताई